पंधरा मीटर

शाळेत त्यांना सगळे चला-बाई म्हणत. आठवी ते दहावीला त्या गणित शिकवायच्या, आणि तास सुरू झाला की खडू उचलण्याऐवजी दाराकडे बघून "चला" म्हणायच्या. मग वर्ग उठून त्यांच्या मागे निघायचा.

नववीने पाण्याच्या टाकीची उंची तिच्या सावलीवरून काढली. त्यासाठी शिपायाला टाकीशेजारी उन्हात उभं केलं होतं. उंची बरोबर आली, शिपाई दोन दिवस बोलला नाही. गेल्या वर्षी आठवीने दप्तरांची वजनं केली, तेव्हा एकाच्या दप्तरात वीट निघाली. तो म्हणाला, खांदे कमवायचेत. ती वीट सरासरीत धरायची की नाही यावरून वर्गात दोन तट पडले आणि मधल्या सुट्टीत त्यांनी डबेसुद्धा वेगवेगळे खाल्ले. चला-बाईंच्या मते तो वर्षातला सगळ्यात चांगला तास होता. मुख्याध्यापिकांच्या मते आठवी दोन धडे मागे होती. दोन्ही खरं होतं.

घरी नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचा कशालाच विरोध नसे, त्यामुळे त्याचं मत कुणी विचारत नसे. सासूबाई मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांना पळवलं आणि स्वतः शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच धरून उभ्या राहिल्या. आता ऐंशीला टेकल्या होत्या, उजवा गुडघा कुरकुरत होता, पण पाठ ताठ होती. घरातलं कुणी कोपऱ्यावरून दूध घेऊन आलं तरी घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "बराच वेळ लागला."

मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, चौकातल्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांची मैत्रीण राहायची. कमरेचं हाड मोडल्यापासून ती वॉकर घेऊन दारापर्यंत यायची, त्यापुढे नाही. म्हणून रोज दुपारी सासूबाईच तिच्याकडे पत्ते खेळायला जायच्या. दोन महिन्यांपूर्वी ते अचानक बंद झालं. सासूबाईंनी कारण दिलं, ती पत्ते लपवते. ती पत्ते लपवायची हे सगळ्या घराला माहीत होतं, त्यामुळे खोलात कुणी शिरलं नाही. मध्ये एकदा दोघींनी फोनवरून डाव मांडून पाहिला. समोरचीचे पत्ते दिसत नसताना तिच्यावर विश्वास ठेवायचा असल्याने तो फार चालला नाही.

त्या दिवशी चला-बाई शाळेतून परत येत होत्या. बस चौकात अडकली होती. खिडकीतून त्यांना फुटपाथवर सासूबाई दिसल्या. इस्त्रीची साडी, हातात पर्स. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, माणसं रस्त्यात उतरली, सासूबाई उतरल्या नाहीत. लाल झाला. पुन्हा हिरवा लागला. त्यांनी एक पाय खाली ठेवला आणि परत वर घेतला. तिसऱ्यांदा हिरवा लागून गेल्यावर त्या वळल्या आणि घराच्या दिशेने चालू लागल्या. बस सुटली.

घरी आल्यावर सासूबाईंनी आपणहून सांगितलं की त्या जरा पाय मोकळे करून आल्या. चला-बाई बरं म्हणाल्या आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी नववीचा तास होता. चला-बाई म्हणाल्या, चला.

धडा वेग, काळ, अंतराचा होता, त्यामुळे मुख्याध्यापिकांना काही बोलता येईना. मुलांनी त्याच चौकात जाऊन रस्ता मोजला, पंधरा मीटर. हिरवा दिवा मोजला, चौदा सेकंद. मग चार दिवस दोन-दोनच्या जोड्यांनी उभं राहून, पिकल्या केसांचं जे कुणी रस्ता ओलांडेल त्याची वेळ टिपली. एका आजोबांनी त्यांना हटकलं, तुम्ही कुठल्या पक्षाचे म्हणून. चौथ्या दिवशी फळ्यावर सरासरी मांडली. तेरा सेकंद. म्हणजे सिग्नल ठीक होता.

वर्गाचा हिरमोड झाला. उन्हात उभं राहून काहीतरी वाईट निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची चष्मेवाली उठली. ती वर्षातून साधारण दोनदा बोलायची.

"बाई, ज्यांना जमतं तेच ओलांडतात ना? ज्यांना जमत नाही ते घरीच बसत असतील. ते आपल्या सरासरीत येणारच कसे?"

चला-बाईंनी खडू खाली ठेवला आणि तिला विचारलं, मग त्यांना कुठे शोधायचं. ती म्हणाली, ते मला माहीत नाही, आणि खाली बसली.

चला-बाईंना माहीत होतं.

संध्याकाळी त्यांनी वाहतूक खात्याच्या कचेरीत फोन केला. साहेब म्हणाले, वेळ नियमाप्रमाणे आहे आणि त्या चौकाबद्दल आजवर एकही तक्रार नाही. चला-बाईंनी चष्मेवालीचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा विचारला. साहेबांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, गुरुवारी दहा मिनिटं येऊन जातो, एकदा काय ते दाखवा, पुन्हा हा विषय नको.

रात्री जेवताना चला-बाईंनी सासूबाईंना विचारलं, मुलांना धड्यासाठी कुणीतरी ज्येष्ठ हवंय, याल का. सासूबाई लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच की चला-बाईंना तिथेच संशय यायला हवा होता.

बुधवारी त्या कॅनव्हासचे बूट घालून आल्या. आधी त्यांनी वेळ घेणाऱ्या मुलाचं मनगट धरून, बटण अंगठ्याने दाबायचं की बोटाने, हे शिकवलं. मग रांग वाकडी होती ती सरळ केली. हिरवा लागला आणि सासूबाई सुटल्या. कुणाकडे बघितलं नाही, एका तरुणाला खांद्याने बाजूला सारलं, आणि पलीकडच्या फुटपाथवर जाऊन मागे वळून विचारलं, "किती?"

बारा सेकंद. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चार दिवसांत त्या चौकात एकाही म्हाताऱ्याने इतक्या वेगाने रस्ता ओलांडला नव्हता. परत येताना चला-बाईंनी त्यांना रिक्षात बसवून, वळसा घालून घरी आणलं. गुडघा उशीएवढा सुजला होता.

ज्या बाईने जन्मभर स्टॉपवॉच धरलं तिच्यासमोर स्टॉपवॉच धरायचं, ही चूक गणिताच्याच बाईंनी करावी अशी होती. हातात आकडा होता, तो खोटा होता, आणि साहेब उद्या येणार होते.

नवऱ्याने गरम पाण्याची पिशवी भरून दिली आणि तो दुसऱ्या खोलीत गेला. चला-बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"आई, त्या दिवशी तुम्ही सिग्नलला उभ्या होतात. मी बसमधून पाहिलं."

"असेन."

"तीनदा हिरवा लागला."

सासूबाईंनी पिशवी गुडघ्यावर थोडी सरकवली. "दोनदाच. तिसऱ्यांदा मी चप्पल नीट करत होते."

चला-बाई काही बोलल्या नाहीत. पी.टी.च्या बाईंना शांतता फार वेळ सहन होत नाही. त्या स्वतःच बोलू लागल्या. दोन महिन्यांपूर्वी अर्ध्या रस्त्यात लाल झाला होता. एका गाडीवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही, आणि मागे बसलेली त्याची पोरगी हसली. गाडी अंगावर येईल याची भीती नव्हती. त्या पोरीच्या वयाच्या किती जणींना त्यांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

"आणि आता तू त्याच वयाच्या पोरांसमोर मला रांगायला लावणार."

"रांगायला नाही. रोजच्यासारखं चाला."

"म्हणजे म्हातारी किती म्हातारी झाली ते मोजणार."

"नाही. तो दिवा किती घाईत आहे ते मोजणार."

"बोलायला काय, गणितवाले काहीही सिद्ध करतात," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. चला-बाई दिवा घालवून निघाल्या तेव्हा भिंतीकडून आवाज आला, "वेळ मीच धरणार. दुसरं कुणी मोजलेलं मला चालत नाही."

गुरुवारी साहेब आले. सोबत वाहतूक पोलीस होता, गाड्या थोपवायला. साहेबांनी आल्याआल्या घड्याळ पाहिलं. मुलं न सांगता सरळ रांगेत उभी होती. सासूबाईंच्या पायात साधी चप्पल, गुडघ्याला पट्टा, मुठीत स्टॉपवॉच.

हिरवा लागला. त्यांनी बटण दाबलं आणि उजवा पाय खाली ठेवला. मग डावा त्याच्याजवळ आणला. बाकीची माणसं भराभर पुढे गेली आणि रस्त्यात त्या एकट्या राहिल्या. दुभाजकाच्या थोडं पुढे गेल्या असतील, तेव्हा दिवा लाल झाला. पोलिसाने हात वर केला, तरी मागच्या गाड्यांनी हॉर्न लावलेच. चला-बाईंना वाटलं, आता या सुटणार. सासूबाईंचे खांदे क्षणभर ताठले, तेवढं दिसलं. मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं, आधीच्याच पावलाएवढं. त्यानंतरचंही तेवढंच.

वर्गात कुणी हसलं नाही. विटेवाला पोरगा ओठ दाबून बूट बघत होता.

पलीकडे पोचून त्यांनी बटण दाबलं, आकडा डोळ्यांपासून लांब धरून वाचला, आणि मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला ऐकवायचा असतो त्या आवाजात ओरडून सांगितला. "एकवीस."

साहेब रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेले. मागोमाग चला-बाई. साहेबांनी अदबीने विचारलं, आजी, वय किती लिहू.

"वय नको लिहूस. वेळ लिही."

साहेबांनी वेळ लिहिली. मग म्हणाले, होऊन जाईल, पण वरून मंजुरी यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोपर्यंत आजींना परत जायला पोलीस मदत करेल. सासूबाईंनी पोलिसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, त्याची गरज नाही, मी परत जातच नाहीये. सुनेला म्हणाल्या, माझ्या चार साड्या, गोळ्या आणि रात्रीचा चष्मा पाठवून दे. आणि त्या शेजारच्या इमारतीत शिरल्या, तिथे मैत्रीण वॉकर धरून दारात उभीच होती.

नवरा संध्याकाळी कामावरून आला, आई कुठे आहे हे त्याने ऐकलं, आणि पिशवी भरली. त्याने एवढंच विचारलं की तिकडे उशी आहे का.

तीन आठवड्यांचे पाच झाले. चला-बाई रोज शाळेतून येताना पलीकडे उतरून चौकशी करायच्या आणि रोज त्यांना सांगितलं जायचं की उशीर केलास. नववी पुढच्या धड्यावर गेली. मुख्याध्यापिकांना हायसं वाटलं.

दिव्याची वेळ वाढवली त्या दिवशी कचेरीतून फोन आला. चला-बाईंनी पलीकडे कळवलं आणि खाली उतरून आपल्या बाजूच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. दुपार होती, गर्दी नव्हती. पलीकडे सासूबाई आल्या, एका हातात कपड्यांची पिशवी. हिरवा लागला. त्या निघाल्या, उजवा पाय, मग डावा. हॉर्न नाही, काही नाही. चला-बाई पिशवी घ्यायला पुढे झाल्या, तर सासूबाईंनी मानेनेच नको म्हटलं.

फुटपाथवर चढून त्या वळल्या आणि दिव्याकडे पाहत उभ्या राहिल्या. तो अजून हिरवा होता. रस्ता रिकामा, गाड्या थांबलेल्या, कुणीच ओलांडत नव्हतं. लाल होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग पिशवी सुनेच्या हातात दिली आणि विचारलं, भाजी कसली केलीस.