आधी भीती, मग नाव

दिलीप भावोजींचा फोन मला कधीच येत नसे. यायचा तो त्यांच्या बायकोचा, वैजूचा. म्हणून ठाण्याला, कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म तपासत बसलेले असताना भर दुपारी त्यांचं नाव दिसलं, तेव्हा हातातला फॉर्म तसाच खाली ठेवला. उचलूच नये असं वाटलं... "सुमन, वैजू गेली," एवढंच म्हणाले. भाजी घेऊन घरी येत होती. ठाकुर्लीच्या त्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यापाशी पायरीवर टेकली, ती उठलीच नाही. पाच आठवडे झाले. अजून फोन वाजला की आधी नाव बघते, मगच उचलते.

वैजू म्हणजे आमच्या भटक्या ग्रुपची म्होरकी. आम्ही नऊ जण, डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत विखुरलेले, सगळे पन्नाशीच्या आगेमागे, गुडघ्यांच्या कुरबुरीसकट. दोन-तीन महिन्यांतून एखादा शनिवार-रविवार बाहेर पडायचं, आणि त्याआधी एका रविवारी सकाळी वैजूच्या घरी जमायचं. खिचडी व्हायची, भावोजी चहा करून पेपर घेऊन आत जायचे, आणि वैजू जुन्या कॅलेंडरच्या पानामागे वाट काढून दाखवायची. मग तिचा नियम : आधी भीती सांगायची, मग नाव. "मला कसली भीती नाही" म्हणणाऱ्याला ती सरळ घरी बसवायची. असा माणूस स्वतः पडतो आणि दुसऱ्यालाही पाडतो, हे तिचं ठाम मत. प्रत्येकाच्या नावापुढे भीती लिहायची आणि तिच्यापुढे उपाय.

मी मुळातलीच भित्री भागूबाई. पहिल्यांदा गेलेले तेव्हा मेलेल्या आवाजात म्हटलं, मला दरीची भीती वाटते. तिने मान वर न करता लिहिलं, 'सुमन, माझ्या मागे.' नंतर त्या अरुंद वाटेवर मी मध्येच थांबले तेव्हा म्हणाली, "खाली बघू नको, समोरही बघू नको. माझ्या टाचा बघ." तिच्या भेगाळलेल्या टाचा बघत मी तो अख्खा डोंगर उतरले. टिटवाळ्याच्या नंदूला पोहता येत नाही, पाण्याची धास्ती. पण चारचौघांत सांगायची लाज. त्याने तिच्या कानात सांगितलं. तिने कागदावर लिहिलं, 'नंदू, किनाऱ्यावर सॅक सांभाळणार.' कुणाला पत्ता लागला नाही. मलाही हे नंदूने ती गेल्यावर सांगितलं, रडत.

शेवटचा बेत रायगड जिल्ह्यातल्या एका डोंगराचा होता. अलीकडच्या गावातून चढायचं, खिंडीतून पलीकडे उतरायचं, की थेट समुद्र. किनाऱ्यावर मुक्काम, रविवारी परत. मिनीबस दोन महिने आधीच ठरलेली. उतरणीवर एक आडवी वाट पावसात खचलीय असं कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे मी आठवडाभर धड झोपले नव्हते. बेताच्या रविवारी वैजूकडे माझं ते रडगाणं सगळ्यांनी ऐकून घेतलं. वैजूने स्वतः आधी जाऊन वाट बघून यायचं कबूल केलं. आठ जणांचं झालं. तेव्हा नंदू म्हणाला, ताई, तुमची राहिलीच की. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं. "मला ना रे, हल्ली आमचा जिनाच चढताना भीती वाटते. दुसऱ्या मजल्यावर थांबावंच लागतं."

आणि मी, ही जीभ झडो माझी, पटकन म्हटलं, "मग लिफ्टवाला डोंगर शोधूया का गं?"

सगळे खो खो हसले. तीही हसली, सगळ्यांत जास्त. स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवून कागद घडी घालून ठेवला. बारा दिवसांनी ती गेली.

सगळे मला समजावतात. तुझ्या हसण्याने का कुणी जातं? नसेल जात. पण त्या दिवशी मी नुसतं "कधीपासून गं?" एवढं विचारलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला असता, हे मला कुणी खोटं ठरवून दाखवावं. तिनेच शिकवलेलं, भीती सांगणाऱ्याचं ऐकायचं असतं. तिची पाळी आली आणि आम्ही दात काढले. आता घरात कुणी साधं "जरा दमलो" म्हणालं तरी मला धडकी भरते. मुलगा वैतागतो. वैतागू दे.

मागच्या रविवारी भावोजींनी सगळ्यांना बोलावलं. जिना कठडा घट्ट धरून चढले, त्या पायरीवर पाय पडू नये म्हणून दोन पायऱ्या एकदम टाकल्या. वर खिचडी नव्हती, बिस्किटं होती. बस अजून रद्द केलेली नाही, भावोजी म्हणाले, जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वैजूचा तोच कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. तिच्याशिवाय ती खचलेली वाट... नाही जमणार, असं मी म्हणणार, तेवढ्यात भावोजीच म्हणाले, माझं नाव लिही. हा माणूस जन्मात कधी आमच्याबरोबर आलेला नाही.

"भावोजी," मी विचारलं, "भीती कसली?"

ते चष्मा पुसायला लागले. "जायची नाही वाटत. परत आल्यावर कुलूप मला उघडावं लागेल."

कुणी हसलं नाही. मी ते शब्दही न बदलता लिहून घेतलं. मग उपायाच्या जागेत लिहिलं : येताना बस आधी ठाकुर्लीला. सगळ्यांनी भावोजींबरोबर वर जायचं. सावकाश.