जामच्या पात्रातल्या लाल झेंड्या

मी जाम नदीच्या कोरड्या पात्रात लाल झेंड्या रोवल्या. तेही पांढुर्ण्यात जन्मून, पांढुर्ण्यातच केस गळून गेल्यावर.

बाहेरच्याला यात काय चुकलं ते कळणार नाही. आमच्याकडे नदीत झेंडा लागतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पळसाच्या झाडाला. मग या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव आणि मध्ये गोटमारीचे दगड. भर उन्हाळ्यात पात्रात झेंडी दिसली, की लोक आधी डोकं सांभाळतात आणि मग विचारतात, हे कोणाचं काम?

मला फक्त नदीकाठच्या भोयांचा इतिहास लिहायचा होता. पूर्वी इथे उन्हाळ्यातही न आटणारा डोह होता, त्यात जाळी पडत, असं ऐकून होतो. तो नेमका कुठे होता, हे दोन्ही काठांवर विचारत फिरलो. पांढुर्ण्याकडचे म्हणाले, सावरगावच्या अंगाला. सावरगावकडचे म्हणाले, छे, पांढुर्ण्याच्या. एरवी एकमेकांना दगड देणारी गावं अख्खा डोह देऊन टाकत होती! मी भारावलो. तिथेच संशय यायला हवा होता.

मग बायकोच्या जुन्या लाल परकराच्या चिंध्या काड्यांना बांधल्या, खिशातला टेप काढला आणि पात्र मोजत सांगितलेल्या जागी रोवत गेलो. एक झेंडी एका म्हाताऱ्या भोईणीच्या वाडीत गेली. पाणी ओसरलं, की ही मावशी वाळूत डांगर-टरबूज लावते. जागेचा कागद नाही. मागच्या साली ज्याची वाडी, यंदाही त्याचीच, एवढाच कायदा.

"काय मोजून राहिले, गुर्जी?"

"इतिहास, मावशी."

"बंधाऱ्याचा?"

"नाही हो. मी तर रिटायर झालो."

ती आणखी सावध झाली. "रिटायर मानूस उन्हात फुकट कायले फिरंल?"

याचं उत्तर मी घरीही कधी देऊ शकलेलो नाही. शिवाय नोकरीभर गावातला प्रत्येक सर्वे मीच केला : माणसं, गुरं, संडास. मास्तर दारात उभा राहिला, की त्याच्यामागून काहीतरी येतंच, हे सगळ्यांना पाठ.

दुसऱ्या दिवशी झेंड्या गायब. माझा संशय सरळ सावरगावच्या पोरांवर. पुन्हा रोवल्या, पुन्हा गायब. तेव्हा आणखी चिंध्या फाडून रोवल्या आणि पहाटेच बेशरमाच्या झुडपामागे दबा धरून बसलो. झाड मला शोभणारंच होतं.

उजाडलं तशी मावशी आली आणि कांदे उपटावे तशा झेंड्या उपटत निघाली. झुडपाजवळ थांबून म्हणाली, "बाहेर या, गुर्जी. टक्कल दिसून राहिलं."

मी बाहेर आलो. "मावशी, तुम्ही?"

"मंग? आज माह्या वेलात झेंडी रोवान, उद्या बंधारा आनान. सासऱ्यापासून वाडी हाय इथं. हे बुडाली त मी लावू कुठी? तुमच्या ओसरीत?"

"अहो, मी फक्त डोह शोधतोय."

"म्हनूनच त सावरगावकडं सांगतलं ना! आमचं साऱ्याइचं ठरलंच होतं."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. त्या काठानेही हेच ठरवलं असणार. जिथे डोह निघेल तिथे बंधारा येईल, म्हणून दोघांनी नदी एकमेकांच्या अंगावर ढकलली होती, आणि मी ती भक्तिभावाने उतरवून घेतली होती.

मी टेप तिच्या हातात ठेवला. "घ्या. आता मोजणार नाही. पण खरं सांगा, डोह कुठे होता?"

तिने टेप ओढून पाहिला, ओच्यात टाकला. वाडीच्या टोकाला माझ्याच आधीच्या झेंड्या तिने पाखरं हाकायला लावल्या होत्या. एकीवर कावळा निवांत बसला होता.

"डोहाचं मंग पाहू," ती म्हणाली. "ह्या झेंड्याले कावळे भेत नाही. सकाळून तुम्हीच येऊन उभे राहत जा, गुर्जी. तुम्हाले पाहून अख्खा काठ भेला, कावळ्याची काय बिशाद!"