मधला बिंदू कोणता?

ताहेरा आपांची आणि माझी पहिली गाठ शाळेच्या मैदानावर पडली. चितेगावच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू होत होतो. शहरातल्या मुकुंदवाडीहून घामाघूम पोचलो, तर गणिताच्या या बाई दोन मुलींना उभं करून एक डोळा मिटून बघत होत्या. मला म्हणाल्या, "सर, जरा त्या पोरीच्या मागं उभं ऱ्हा. अजून डावीकडं. हां, आता नुसतं तुमचं डोकं दिसतंय. झाले तिघं एका रेषेत." नेमणुकीचा कागद त्यांनी नंतर पाहिला.

आज आपांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. "गौरवग्रंथासाठी गोड आठवणी लिहा," असं गौरव समितीनं मला बजावलं आहे. गोडाला माझी ना नाही. पण आधी कडू सांगितल्याशिवाय ते माझ्या घशाखाली उतरणार नाही.

आमच्या संस्थेला दहावीचा निकाल शंभर टक्के हवा असे. त्यासाठी कच्ची मुलं नववीतच गाळायची, ही रीत. त्या वर्षी नववीच्या परीक्षेत प्रश्न आला: पी ते क्यू अंतर सात, क्यू ते आर दहा, पी ते आर तीन, हे बिंदू एकरेषीय आहेत का? परीक्षाप्रमुखांच्या नमुना उत्तरात होतं, सात अधिक दहा म्हणजे तीन नव्हे, म्हणून नाहीत. नावं पी, क्यू, आर अशी लिहिली, म्हणून क्यूच मधे असणार, असं त्यांनी गृहीत धरलं! आपांच्या वर्गातल्या सुनंदानं लिहिलं, सात आणि तीन दहा, म्हणजे पी मधे आहे आणि तिन्ही एका रेषेत. पेपर तपासले संस्थेच्याच दुसऱ्या शाळेनं. बरोबर उत्तराला शून्य मिळालं आणि तेवढ्यानं पोरगी नापास झाली. नापास झालीस तर शाळा बंद, असं वडिलांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

निकालाच्या बैठकीत आपा उभ्या राहिल्या. "साहेब, शहर, बिडकीन, चितेगाव, नावं कशीबी लिवा. चितेगाव मधेच ऱ्हाणार ना? पैठणचा रस्ता तुमच्या कागदावरून जातो व्हय?"

"ते खरं असेल, आपा. पण नमुना उत्तर ठरलं ते ठरलं. सगळे पेपर परत कोण तपासणार?" परीक्षाप्रमुख म्हणाले.

म्हणजे चूक कळली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती इथं.

"मग निकालावर माझी सही नाय," म्हणत आपांनी पेनाला टोपण लावलं.

वर्गशिक्षिकेच्या सहीशिवाय निकाल लागेना, तेव्हा पेपर पुन्हा तपासले. सुनंदा दहावीला बसली आणि पासही झाली.

आपांना मात्र पुढच्याच वर्षी पाचवीच्या वर्गावर टाकलं. मुख्याध्यापकपद त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ माणसाला दिलं. मी चिडलो, तर डब्यातली खिचडी माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "जेवा आधी. पाचवीला बी रेषा असतेच की." माझी आई दवाखान्यात होती तेव्हा तोच डबा रोज तिच्या उशाशी असायचा.

तेच परीक्षाप्रमुख आज गौरव समितीचे अध्यक्ष आहेत. निमंत्रणपत्रिकेत त्यांनी आपांना 'शिस्तप्रिय' म्हटलं आहे. सुनंदाचं नाव या ग्रंथात दुसऱ्या कुणी घेतलं असेल, असं मला वाटत नाही.

आपा, तुम्हांला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, नजर अशीच शाबूत राहो. समारंभात हे लोक तुम्हांला मधली खुर्ची देतील आणि दोन्ही बाजूंना स्वतः बसतील. तेव्हा एक डोळा मिटून एकदा बघाच. खुर्च्या एका ओळीत असतील. माणसं तपासून घ्या.