तुरिनाहच्या तोंडातला नकार

जावा बेटावरच्या तेगल गावाजवळच्या त्या गल्लीत घरटी एक लेथ. सकाळ झाली की लोखंडाचा किस उडायला लागतो, आणि त्या आवाजात कोंबडासुद्धा आरवायचं विसरतो. तिथं तुरिनाहचं काम सगळ्यांत बारीक. लोक गाड्यांना बाजारातली चकचकीत अलॉय चाकं लावतात, पण चाक ज्यावर बसतं त्या हबला पुढं जो गोल ओठ असतो, त्याच्यापेक्षा चाकाचं मधलं भोक मोठं निघतं. ती फट भरायला तुरिनाह ॲल्युमिनियमचं कडं कातून देते. कडं नीट असलं तर चाक ओठावर अलगद बसतं, गाडी थरथरत नाही. नवरा होता तेव्हा ती नुसती शेजारी बसून किस झाडायची. तो गेल्यावर कळलं, की बाईनं झाडता झाडता सगळं शिकून ठेवलंय.

हात असा पक्का, पण जीभ मऊ. बाईला नाही म्हणता यायचं नाही. झाडूवाला दारात आला की झाडू घ्यायची. घरात माणूस एक आणि झाडू पाच. गल्लीतल्या लग्नात भांडी घासायला कोण येणार, असं कुणी नुसतं हवेत विचारलं तरी ही "हो जी" म्हणून मोकळी. तसं जावा बेटावर कोण कुणाला तोंडावर नाही म्हणतं? पण बाकीचे हो म्हणून विसरतात. ही हो म्हणून राबायची.

एका सकाळी एन्दांगबाईंची जुनी गाडी दारात आली. एन्दांगबाई सुईण. निम्मी गल्ली त्यांच्या हातांवर जन्मलेली. तुरिनाहची आता सासरी नांदणारी लेक पायाळू होती, तीही याच बाईंनी ओढून काढली. पोरगी निळी पडली होती, बाईंनी तोंडानं फुंकर घालून तिला रडवली. त्या उपकाराखाली तुरिनाह आजवर मान वाकवून होती. बरोबर बाईंचा मुलगा गालिह. जाकार्ताला नोकरी करतो. उद्या पेकालोंगानला त्याच्यासाठी मुलीला मागणी घालायला जायचं होतं, म्हणून त्यानं आईच्या गाडीला चार नवी चाकं आणली होती.

"मावशी, तेवढी बसवून द्या. मुलीकडचे दारात उभे राहून आधी गाडीच बघतात."

"तोंड नाही का बघत?" बाई म्हणाल्या. "बरं आहे, तुझं वाचलं."

तुरिनाह हसली. गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, हबचा ओठ तारेच्या ब्रशनं साफ केला आणि माप घ्यायला कॅलिपर लावला. मग नव्या चाकाच्या भोकाला लावला. मग पुन्हा ओठाला. या खेपेला उलटंच होतं. भोक लहान, ओठ मोठा. इथं कडं काय करणार?

"चाकाचं भोक मोठं करावं लागेल," ती म्हणाली. "माझ्या लेथवर एवढं चाक मावत नाही. मोठा लेथवाला भाचीच्या लग्नाला गेलाय."

"मग हबच घासा की थोडा. तांदळाच्या कणीएवढा तर फरक आहे."

"हो जी," तुरिनाह म्हणाली.

आणि चहा ओतायला बसली. मातीच्या किटलीतला जाईचा चहा, कपात खडीसाखर. ती ढवळायची नाही, आपोआप विरघळू द्यायची. गालिहनं एक कप संपवला, दुसरा संपवला. "मावशी, ग्राइंडर?"

"हो जी, हो जी." तिनं तळलेल्या टोफूची ताटली पुढं सरकवली.

एन्दांगबाई तिच्याकडं बघत होत्या. "तुझं हे हो जी मला पाठ आहे, तुरी. बाळंतपणात मी ओरडत होते, कळ दे, कळ दे. तू हो जी, हो जी करत होतीस आणि देत मात्र नव्हतीस."

"दुखत होतं, बाई."

"आता काय दुखतंय?"

तुरिनाह किटलीचं झाकण नीट करत राहिली. कसं सांगायचं? ज्या बाईनं लेक वाचवली, तिच्या मुलाचा शुभशकुन मोडायचा? आणि न सांगावं, तर हबची वाट लागते. एकदा घासलेला ओठ परत येत नाही. मग नवं चाक नुसत्या बोल्टांच्या भरवशावर, आणि जुनं चाकसुद्धा पुन्हा कधी मधोमध बसायचं नाही.

गालिहला घाई. त्यानं कोपऱ्यातला ग्राइंडर स्वतःच उचलला आणि सुरू केला. तो हबपाशी वाकला, आणि तुरिनाहनं आपला तळवा त्या ओठावर ठेवला.

"नाही."

गालिहनं दचकून यंत्र बंद केलं.

"कुणाला नाही म्हणतेस?" एन्दांगबाईंचा आवाज कोरडा होता.

"तुम्हालाच, बाई." तिनं तळवा हबवरून उचलला नाही. "उद्या तुम्ही सून बघायला जाल. परवा कुणाची तरी सून कळा देत याच गाडीत बसेल. वाटेत चाक थरथरलं तर मी काय तोंड दाखवू?"

गालिहचं तोंड उतरलं. एन्दांगबाई उठल्या, कपातला चहा तसाच राहिला.

"जुनीच चाकं लाव," त्या म्हणाल्या.

तुरिनाहनं चारही जुनी चाकं चढवली. एक बोल्ट इकडचा, एक समोरचा, असे आधी हातानं आणि मग पान्यानं आवळले. डोळे खाली. ही बाई आता पुन्हा आपल्या दारात यायची नाही, एवढंच तिच्या मनात होतं. आजवर दिलेले सगळे होकार एका नकारात वाहून गेले.

गालिह नवी चाकं परत गाडीत टाकायला लागला. आईनं त्याला अडवलं. "इथंच ठेव. मोठा लेथवाला आला की तुरी भोकं मोठी करून घेईल." मग त्या तुरिनाहकडं वळल्या. "उद्या सकाळी तयार राहा. माझ्याबरोबर यायचंय."

"मी? मी काय करू तिथं?"

"मुलीचा मामा भारी आहे, ऐकते मी. दोन मांडव मागेल, गाणारीण मागेल. आमच्यात सगळे मान हलवणारे. माझ्या शेजारी एक तरी बाई अशी हवी, जी मधे हात ठेवून नाही म्हणेल."

गाडी गेली. तुरिनाहनं चार चकचकीत चाकं एकेक करून छपराखाली नेली आणि त्यांवर पोतं टाकलं. मग घरात जाऊन कपाट उघडलं. तिच्याकडं बाहेर जायला दोनच झंपर होते, हिरवा आणि जांभळा. भारी मामापुढं कुठला शोभेल, ते तिला काही केल्या ठरवता येईना.