पेळूचे दात

आप्पाकाका गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने, सुनंदावहिनीने केला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बरं" म्हटलं, किती वाजता नेणार ते विचारलं आणि फोन ठेवून उरलेली जुडी निवडून टाकली. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि गेल्या महिन्याभरात माझ्या या थोरल्या काकांबद्दल इतकं गोड छापून आलंय की कुणीतरी त्यात मीठ टाकायला हवं. शोकसभेपर्यंत मी गप्प होते. सभा आमच्या लालबागच्या चाळीच्याच चौकात झाली. आप्पा संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेले, लाठ्या खाल्ल्या, गिरणीतली जॉबरकी, म्हणजे मुकादमी, पणाला लावली, हे सगळं सांगून झालं. ते खरंच आहे, मी नाकारत नाही. मग एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, पण माणूस आतून लोण्याचा. संचारबंदीच्या दिवसांत घरातल्या छोट्या मुलीचा ससा उपाशी मरत होता, दात वाढले होते बिचाऱ्याचे. आप्पांनी स्वतःच्या अडकित्त्याने ते दात कापले आणि ससा पुढे चांगला कित्येक वर्षं जगला! शेजारी बसलेल्या वहिनीने डोळे पुसत माझ्या पाठीवर हात ठेवला. ती छोटी मुलगी मी. आणि तो ससा मेला.

आप्पाकाकांच्या नावावरच्या दोन खोल्यांत तेव्हा आमची दोन बिऱ्हाडं होती, चूल एक. माझे बाबा धाकटे, गिरणीत कापसाच्या खात्यात. एकदा बोनसच्या वेळी त्यांनी क्रॉफर्ड मार्केटातून पिशवीत घालून एक पांढरं पिल्लू आणलं. कापसाच्या पेळूसारखं लांबट आणि मऊ, म्हणून त्याचं नाव पेळू. गॅलरीत चहाच्या खोक्यात त्याचं घर केलं. देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडून आई गवताची जुडी आणायची आणि पेळू ती काड्या मोजल्यासारखी संपवायचा. पण हरताळ सुरू झाले तशी ती बाई आणि तिची गाय दिसेनाशी झाली. मग सगळी चाळ पेळूला चहात बुडवलेला पाव आणि मऊ भात भरवू लागली. लाडच चालले होते. थोड्या महिन्यांत त्याची हनुवटी सारखी ओली दिसायला लागली. पावाचा तुकडा तोंडात धरायचा आणि सोडायचा, पुन्हा धरायचा... बाबांनी ओठ वर करून पाहिले तर पुढचे दात वाढून आत वळले होते. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, चघळून चघळून झिजतात आणि मऊ खाऊ घातलं तर झिजत नाहीत, हे मला पुढे मोठेपणी एका जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आप्पाकाकांना तर नव्हतंच, पण ठाऊक नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

त्यांचा अडकित्ता पितळेचा होता, घोड्याच्या तोंडाचा. त्याने ते सुपारी इतकी बारीक कातरत की हात बघत राहावं. हे मी कबूल करते, कारण खोटं लिहिणाऱ्यांची इथे वाण नाही. पहिल्यांदा त्यांनी गॅलरीत पाट मांडला, बाबांनी पेळूला पंच्यात गुंडाळून धरलं, निम्मी चाळ जमली. कट्, कट्. दोन टोकं जमिनीवर उडाली. संध्याकाळी पेळू खायला लागला. चाळीत त्यांचं कौतुक झालं, आणि माझ्याइतकं कुणीच केलं नसेल. मी तर त्यांचे पायच धरले होते. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा ठीक. मग आप्पाकाका डॉक्टरच झाले. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी चोच वाढलेला पोपट आणून दिला. त्या पोपटाने त्यांच्या अंगठ्याचा असा लचका तोडला की आठवडाभर चिंधी बांधून हिंडत होते. त्या पोपटाचा मी आजही मनापासून आदर करते.

तिसऱ्या वेळी मोर्चा होता. माणसं खाली जमली होती, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" चालू होतं आणि मध्येच कुणीतरी आप्पांना हाक मारत होतं. त्यांनी पाट मांडला नाही. उभ्या उभ्याच बाबांना म्हणाले, धर. बाबा म्हणाले, संध्याकाळी करूया. ते म्हणाले, धर. या वेळचा आवाज वेगळा होता. दात आडवा तुटला नाही, उभा चिरला, थेट हिरडीपर्यंत. पंच्याला रक्त लागलं. आप्पाकाकांनी वाकून बघितलं, अडकित्ता धोतराला पुसला, मिटून कनवटीला लावला आणि जिना उतरून गेले. घोषणा चौकातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून लांब गेल्या. पेळू माझ्या मांडीवर थरथरत होता. त्यांना त्याला दुखवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना फक्त घाई होती.

चार-सहा दिवसांत पेळूच्या डोळ्याखाली गाठ आली आणि त्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. परळला जनावरांचं इस्पितळ आहे हे आईला माहीत होतं. पण आई थोरल्या दिरांशी थेट बोलत नसे. ती काकूला सांगायची आणि काकू त्यांना. उत्तर मात्र ते आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने देत.

"भायर गोळीबार चललो हा, आणि तुमका सशाचे दात दिसतत?"

बाहेर खरोखरच माणसं मरत होती, आमच्या पलीकडच्या चाळीतला एक तरुण घरी परत आला नव्हता. त्याच्या आईचं रडणं मी ऐकलेलं आहे. सशाला त्याच्याशेजारी बसवण्याइतकी मी वेडी नाही. पण नंतर रस्ते मोकळे झाले. ट्राम सुरू झाल्या, गिरणीचा भोंगा वेळेवर वाजायला लागला, आप्पाकाका स्वतः परळला सभेला जाऊन आले. आईने काकूमार्फत पुन्हा विचारलं. या वेळी गोळीबाराचं नाव नव्हतं. "माका शिकव नको म्हणान सांग तिका," एवढंच आलं. सशाला इस्पितळात नेलं असतं तर आप्पांच्या हातून बिघडलं असं झालं असतं. चाळीला कळलं असतं. पेळूने उपाशी राहायचं ते यासाठी. बाबा खाली मान घालून जेवत होते. बाबांना मी केव्हाच माफ केलं, आप्पांना नाही. यात न्याय नाही म्हणाल तर नसू दे.

शेवटी आईने बाजाराची टोपली घेतली, तळाला तिचं जुनं लुगडं घातलं, त्यावर पेळूला ठेवून लुगड्याचा पदर पांघरला आणि बोंबील आणायला जाते असं काकूला सांगून मला घेऊन निघाली. घरात खोटं बोलताना मी आईला त्या एकाच वेळी पाहिलं. आम्ही परळच्या दिशेने भरभर चालत होतो. मी मध्ये मध्ये लुगड्याखाली हात घालून बघत होते. गरम होता... गरम होता... मग एकदा आईनेच थांबून टोपली खाली ठेवली, पदर बाजूला केला आणि बघितलं. इस्पितळ अजून बरंच लांब होतं.

"चल बाय, घराक जावया," ती म्हणाली.

गिरणीच्या भिंतीकडेला मोकळी जागा होती, तिथे आम्ही पेळूला लुगड्यासकट पुरलं. नळावर टोपली धुतली. आणि मग आईने खरोखरच बोंबील घेतले, सांगून निघालेली गोष्ट खोटी ठरू नये म्हणून. दुपारी आप्पाकाका जेवायला बसले. बोंबील ताजे आहेत म्हणाले, दुसऱ्यांदा मागून घेतले. हात धुताना त्यांना गॅलरीतलं रिकामं खोकं दिसलं. ससा कुठे म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मेला. "रोगटच होतो तो," ते म्हणाले आणि पाटावर बसून सुपारी कातरायला लागले. त्याच अडकित्त्याने.

पुढे महाराष्ट्र झाला. आमच्या चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, आप्पाकाकांच्या गळ्यात हार पडले. आणि पेळूची गोष्ट त्यांच्या तोंडी केव्हा आली ते मला सांगता येणार नाही. मी ती पहिल्यांदा चुलतभावाच्या लग्नात ऐकली. तीत दोनदा कापलेले दात होते, तिसरी वेळ नव्हती. नंतर नंतर तीत संचारबंदी आली, बाहेर उभे असलेले शिपाई आले, माझ्या डोळ्यांतले अश्रू आले. ससा दरवेळी जगायचा. आई आत भाकऱ्या थापत ऐकायची, थापण्याचा आवाज जरा वाढायचा, बाकी काही नाही. ती तशीच गेली. मला आप्पाकाकांकडून फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा त्यांनी ती गोष्ट शेवटपर्यंत सांगायला हवी होती.

ते जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेले होते. तोंडात एकही दात उरला नव्हता. वहिनी खलबत्त्यात सुपारीचं पीठ करून देत होती. दोन माणसं भेटायला आली होती आणि काकांनी माझ्याकडे बोट दाखवून गोष्ट सुरू केली. दात कापून झाले, ससा खायला लागला. ते थांबले. मी विचारलं,

"पुढे काय झालं, काका? पेळूचं पुढे काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वय झालं, विसरले असतील, असं वहिनी म्हणते. मी सांगते, त्या डोळ्यांना सगळं आठवत होतं. जिभेवरची सुपारी त्यांनी या गालातून त्या गालात नेली.

"मगे काय... मगे महाराष्ट्र झालो."

पाहुणे खळखळून हसले. मी चपला घालून निघाले.

तेराव्यानंतर वहिनीने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. अडकित्ता. तुलाच द्यायला सांगून गेलेत, म्हणाली. मी विचारलं, काय म्हणाले देताना? ती आठवून म्हणाली, काही नाही गं, "तिका दी" इतकंच. शोकसभेतले लोक याला प्रेम म्हणतील. तुमच्यातलं कुणी याला माफी म्हणेल. मी म्हणणार नाही. तोंड असलेल्या माणसाने माफी तोंडाने मागावी, पितळेच्या घोड्याकडून पाठवू नये.

समुद्रात टाकायचं मनात होतं, टाकला नाही. घरी आणून पातेल्यात उकळला, सांध्यात अडकलेली सुपारीची लाल धूळ निघून गेली. मी सुपारी खात नाही. पण हल्ली आप्पाकाकांना ओळखणारं कुणी घरी आलं की विचारते, सुपारी कातरून देऊ का? ते हो म्हणतात, अडकित्ता ओळखतात, आणि हसून सशाची आठवण काढतात. मग मी कातरता कातरता त्यांना ती गोष्ट सांगते. बोंबलांपर्यंत.