गेनू सोंगाड्याची चाल

माझ्या फ्रेंच पेशंटला श्रद्धांजली वाहायची, तर आधी घरची अब्रू वेशीवर टांगावी लागते.

टांगते.

आज सकाळी मोस्यू गास्तों वारले. त्यांच्या गावी, फ्रान्समध्ये. पुतणीचा मेसेज आला.

कंपनीने पोस्ट टाकलीय, 'सीनियर एंटरटेनमेंट कन्सल्टंट'. म्हाताऱ्याने वाचलं असतं तर काठी फेकून मारली असती.

फडमालक होते ते. पॅरिसच्या एका गल्लीत त्यांचं थिएटर. एका तिकिटात सगळं: गाणी, जादू, कसरती, नकला, टोप्या घातलेली कुत्री.

स्वतःला ना गाता येत होतं ना नाचता. पण बोर्डावर आधी कोण, नंतर कोण, हे तेच ठरवायचे. सगळ्यात दमदार आयटम शेवटी. त्याच्यानंतर कुणाचं काही रंगत नाही, म्हणायचे.

दोनदा दिवाळं निघालं. शेवटी थिएटर पाडून तिथे पार्किंग झालं. मग यांनी ट्रकमध्ये मंडळी भरून गावोगाव शो केले.

"गाड्या टाळ्या वाजवत नाहीत, मादाम." पार्किंगवर त्यांचं एवढंच म्हणणं.

ऐंशी उलटल्यावर त्या कंपनीने इथे रियाधला शो बसवायला बोलावलं, तर आले की! स्टेजच्या पायरीवरून पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि माझ्या वाट्याला आले. मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुझा आयटम काय?"

सगळ्यांना हेच विचारायचे. फिलिपिनो नर्स गायली. केरळच्या वॉर्डबॉयने कोंबड्याची बांग काढली. आमच्या मुदीरने, म्हणजे डिपार्टमेंटच्या बॉसने, चक्क कान हलवून दाखवले. शप्पथ.

मी म्हटलं, "माझा काही नाही."

"मग घरात कुणाचा तरी असेल."

आता ऐका.

माझे आजोबा, आमचे आबा, तमाशात सोंगाड्या होते.

हे वाक्य आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. माझ्या लग्नाच्या बायोडेटात आबा 'प्रगतिशील बागायतदार' होते. बाग कसली डोंबलाची! दारात एक शेवग्याचं झाड.

फड सोडून आल्यावर आबा घरात गप्पगप्प असायचे. बाबांची तशी ताकीदच होती. पण मी लहान असताना एकदा रुसून बसले होते, तेव्हा आबा अंगणात उठले आणि त्यांची एन्ट्री करून दाखवली.

एक पाय पाटलाच्या तोऱ्यात. दुसरा पाय पळून जायच्या बेतात. आणि चेहरा असा, की दोन्ही पाय माझे नव्हेतच!

मी हसून हसून लोळले.

हे सगळं मी त्या परक्या म्हाताऱ्याला सांगितलं. घरच्यांना लाज वाटते, तेही सांगितलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "दाखव."

"इथे?"

"यल्ला!" एवढं अरबी त्यांना आलं होतं.

नमाजची वेळ होती, जिम रिकामी. मी चालून दाखवलं.

मोस्यू दोन्ही बाजूंचे बार धरून उभे राहिले. ऑपरेशनचा पाय टाकायला रोज घाबरायचे. त्या दिवशी तोच पाय तोऱ्यात पडला.

सर्जन म्हणाले होते, शोपर्यंत चालायचं विसरा, खलास, व्हीलचेअर घ्या. पण मोस्यूंचा हट्ट एकच. शो बसून बघायचा नाही. मालकाने शेवटच्या रांगेमागे उभं राहायचं आणि स्टेजकडे नाही, लोकांच्या मानांकडे बघायचं. मान पुढे आली की आयटम जमला. फोनकडे वाकली की गेला.

मग काय, रोज प्रॅक्टिस. आबांच्या चालीची.

शोच्या संध्याकाळी मी आणि नवरा मेट्रोने गेलो. दारात मोस्यू व्हीलचेअरमधून उठले. एका हातात काठी, दुसऱ्यात माझा हात.

मग त्यांनी माझा हात सोडला.

शेवटच्या रांगेमागून आपल्या जागेपर्यंत चालत गेले. एक पाय तोऱ्यात, एक पळायच्या बेतात.

अबाया घातलेल्या एका आजीने वळून बघितलं आणि खुदकन हसली. मग तिची नातवंडं. मग अख्खी रांग माना वळवून हसायला लागली. पडदा अजून उघडलासुद्धा नव्हता.

मोस्यू मला म्हणाले, "तुझ्या आजोबांना हसले ते. मला नाही."

मी तिथेच रडले. नवरा गोंधळला. "अगं, आबा बागायतदार होते ना?"

"नाही. सोंगाड्या होते."

"मग आधी सांगायचं ना! तुझ्या माहेरी एकदा तरी मोकळेपणी हसलो असतो."

आज हे लिहिते म्हटल्यावर आईचा फोन. "फ्रेंच माणसाचं खुशाल लिही. आबांचं नको. रविवारी चिनूला बघायला येणारेत." चिनू माझी भाची.

"फ्रेंच फडमालकाचं कौतुक चालतं, आणि आपल्या सोंगाड्याचं नाही? हा कुठला न्याय, आई?"

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणायचे काहीच नाहीत गं, हसायचे. त्या हसण्यावरच बाबा शिकले."

आईने फोन ठेवला.

थोड्या वेळाने चिनूचा मेसेज. "आत्या, मला टॅग कर. रविवारच्या आधी."

केलं टॅग.

पाहुण्यांनो, नीट वाचा. मुलगी सोंगाड्याची पणती आहे. हसता येत असेल तर या, पोहे तयार असतील.

मोस्यू गास्तों, फडमालक.
गेनू सोंगाड्या, माझे आबा.

दोघांनाही माझी श्रद्धांजली, सगळ्यांच्या देखत.

आणि मोस्यू, तिकडे शो लावाल तेव्हा आबांना शेवटी पाठवा.