पाटीमावशीनं लावलेला फोन

"लिहिलंय ना तुम्हीच? मग खरं करून दाखवा."

हे वाक्य पाटीमावशी पहिल्यांदा म्हणाली ती एका कोरड्या नळापाशी उभी राहून. नळाच्या डोक्यावर पाटी होती, 'पिण्याचे पाणी'. नळातून पाणी सोडाच, हवासुद्धा येत नव्हती. हॉटेलांच्या चादरी धुण्याच्या त्या कारखान्यात तिला लागून जेमतेम चार दिवस झाले होते. सुपरवायझरला वाटलं, बाई गंमत करतेय. ती रोज नळापाशी जायची, पाटी मोठ्यानं वाचायची, तोटी पिळायची आणि त्याच्याकडे बघायची. तिसऱ्या आठवड्यात प्लंबर आला. कारखान्याला पाणी मिळालं आणि तिला नाव.

वाचायला ती शिकली एक्केचाळिसाव्या वर्षी, लेकीच्या पहिलीच्या पुस्तकातून, एका हातानं पोळी उलटत. उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षरं कधी जुनी होत नाहीत. बाकीचे पाट्या नुसत्या बघतात, ही वाचायची. दुकानांची नावं, औषधाच्या बाटल्या, भिंतीवर 'येथे थुंकू नये', त्याखाली कुणी थुंकलंय तेही. तिचा नवरा टेम्पो चालवायचा. तो म्हणायचा, "तुझ्याबरोबर रस्त्यानं चालायचं म्हणजे रेडिओ खांद्यावर घेऊन चालायचं." ती म्हणायची, "रेडिओला बटण असतं. मला नाही."

कारखाना इमारतीच्या पोटात, दोन मजले खाली. तिथे ऋतू पोचत नसत. वर ऊन असो की अंधार, खाली तीच दिव्याची पांढरी नळी भुणभुणत असायची, तीच वाफ, तोच साबणाचा दर्प. ओल्या चादरींचे ढीग प्रेतांसारखे निमूट पडलेले असायचे. पाटीमावशीचं काम घडी घालायचं. रोलरमधून निघालेली चादर गरम असते, आणि तिला दोन माणसं लागतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, मागे जायचं, पुन्हा यायचं. तिच्यासमोर अकरा वर्षं एकच बाई होती. खांबासारखी उंच, म्हणून मावशी तिला 'लांबडी' म्हणायची. लांबडी हिला 'बुटके' म्हणायची. दिवसातून शंभरदा दोघी नाकासमोर नाक येईपर्यंत चालत यायच्या, आणि दर खेपेला एखादा टोमणा देऊन परत फिरायच्या. इतक्या वेळा जवळ आलेली माणसं दुसऱ्या कुठल्या नात्यात सापडायची नाहीत.

तळघरात मोबाइलला रेंज नव्हती. जिन्याच्या पहिल्याच वळणावर फोनच्या पडद्यावरून कंपनीचं नाव जायचं आणि तिथे शब्द यायचे, 'फक्त आणीबाणी कॉल'. हे शब्द इतक्या वर्षांत इतके ओळखीचे झाले होते, की तळघराचं नावच आणीबाणी पडलं होतं. "कुठे कामाला?" "आणीबाणीत." फोन करायचा तर जिने चढून फाटकापर्यंत जावं लागायचं. त्याला म्हणायचे 'रेंजला जाणं'. बिडी ओढायची असली तरी रेंजला, काम टाळायचं असलं तरी रेंजला. सुपरवायझर तर दुपारी अर्धा-अर्धा तास रेंजला असायचा.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. दोघी एकमेकींकडे चालत येत होत्या. लांबडी म्हणत होती, "बुटके, तुझ्या लेकीला सांग, आईला आता गप्प बसायचं पुस्तक आणून दे," आणि मावशी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात लांबडीच्या हातातला कोपरा सुटला.

अकरा वर्षांत तिच्या हातून कोपरा सुटला नव्हता. मावशीला बाकी काही बघायची गरजच पडली नाही. तिनं आपले कोपरेही सोडले. लांबडी ढिगाला पाठ लावून खाली बसली. कपाळावर घाम, ओठ राखेसारखे, डावा हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा मांडीवर टाकलेला. "जबडा दुखतोय गं," ती म्हणाली. "आणि इथे कुणीतरी बसलंय," म्हणून तिनं छातीवर हात ठेवला.

मग जे झालं, ते त्या तळघरातच होऊ शकत होतं. सगळे पळाले. घाबरून नव्हे, मदतीलाच पळाले. "फोन करा, फोन करा," असं कुणीतरी ओरडलं आणि अंगवळणी पडल्याप्रमाणे सगळे रेंजला निघाले. रोलरवाला, धुलाईवाले दोघे, सगळ्यांच्या पुढे सुपरवायझर. जिन्यावर पावलांचा गडगडाट झाला आणि संपला. खाली दोघीच उरल्या, आणि न थांबवलेला रोलर.

दाराशेजारी भिंतीवर एक फोन होता. त्यावर लाल पाटी, 'आणीबाणीच्या वेळी हा फोन वापरा'. मावशीनं रिसीव्हर कानाला लावला. आत काहीच नव्हतं, विहिरीत कान घातल्यासारखं. तिनं दोनदा आपटला. मग कमरेच्या पिशवीतून स्वतःचा मोबाइल काढला आणि सवयीनं पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली.

"फक्त. आणीबाणी. कॉल."

ती थांबली. पुन्हा वाचलं.

"लांबडे," ती म्हणाली, "यात 'नाही' कुठे लिहिलंय गं? यात तर 'हो' लिहिलंय!"

लांबडीनं डोळे अर्धे उघडले. "आता तरी... वाचू नकोस."

मावशीनं आणीबाणीचे आकडे दाबले. लागला नाही. ती हवेच्या झरोक्याखाली पालथ्या बादलीवर चढली, हात वर करून पुन्हा दाबले, आवाज मोठा करून ठेवला. एक घंटी वाजली. मग एका मुलीचा आवाज आला, स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीतून. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची पोचत असेल, तर एवढा एक फोन तिच्यावरून जातो, हे मावशीला लेकीनं नंतर समजावलं. तेव्हा तिला एवढंच कळलं, की लिहिलेलं खरं निघालं.

मुलीनं पत्ता विचारला. मावशीनं कारखान्याच्या पावतीवर छापलेला अख्खा पत्ता सांगितला, तो तिला रोज वाचून पाठ होता. मुलीनं विचारलं, शुद्धीवर आहे का? श्वास घेतेय का? दुखतंय कुठे? बादलीवरून मावशी बघत होती आणि एकेक सांगत होती. "गाडी निघालीय," मुलगी म्हणाली. "तिला टेकून बसवा, गळ्याशी कपडे सैल करा. चालवू नका. पायऱ्या तर अजिबात नाहीत. फोन ठेवू नका."

एवढ्यात सुपरवायझर धापा टाकत खाली आला, मागे बाकीचे.

"वर दोनदा लावला, ते विचारतात पेशंट बोलतोय का! मला काय माहीत? चला, उचला हिला, वर नेऊ. हाताला धरून चालेल ती."

मावशी बादलीवरून उतरली नाही. तिथूनच म्हणाली, "तिला कुणी हात लावायचा नाही."

"मावशी, हट्टाची वेळ आहे का ही?"

"चालवायचं नाही असं सांगितलंय."

"कुणी सांगितलंय? तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"मी घडीवाली आहे. डॉक्टरांकडची पोरगी इथे फोनवर आहे, तिला विचार. मोठ्यानं बोल, तिला तुझं नावही सांग. उद्या उपयोगी पडेल."

सुपरवायझर लांबडीकडे वाकलेला होता, तसाच सरळ झाला. "इथे... फोन लागला?"

"माल चढवायची लिफ्ट खाली आणून ठेव," मावशी म्हणाली. "आणि एकजण फाटकाशी उभा राहा, गाडीला रस्ता दाखवायला. आता जा रेंजला!"

गाडी आली, लांबडीला स्ट्रेचरवर घालून नेलं. ती वाचली. उशीर झाला असता, किंवा पायऱ्या चढवल्या असत्या, तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी मावशी भेटायला गेली, तेव्हा लांबडीनं पहिलं विचारलं, "माझ्यासमोर कुणाला उभं केलंय?"

"बसलेय एकटीच. तुझ्याइतका ताड कुठून आणू?"

"महिन्यानं येते म्हण त्यांना."

म्हणजे ती परत येणार होती. त्याच तळघरात, त्याच मुक्या फोनच्या शेजारी. हे मावशीच्या डोक्यात घर करून बसलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं वर बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. सोमवारी सरकारी तपासणी होती.

"मावशी, तुम्ही कमाल केलीत. आता इथे सही करा. नुसती औपचारिकता."

तिनं कागद ओढला आणि वाचायला लागली. मोठ्यानं. मॅनेजरनं उठून दार लावलं.

"'तळघरातील दूरध्वनी चालू स्थितीत होता व मी त्यावरूनच मदत मागितली.'" ती थांबली. "साहेब, फोन बंद होता."

"अहो, दुरुस्त होईल ना. लगेच करून घेतो. तुम्ही आज सही करा."

"लगेच करा. मी करून बघते, मग सही करते."

"तपासणी सोमवारी आहे, या कागदावर तारीख मागची पाहिजे. एकदा का कागदावर आलं ना, की मग काही अडत नाही."

"तेच तर," मावशी म्हणाली. "मग काहीच अडणार नाही तुमचं. फोन कशाला दुरुस्त कराल?"

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. आवाज खाली आला. "कामाच्या जागी मोबाइल बाळगायला बंदी आहे. वाचलाय ना नियम? तुम्ही तर सगळंच वाचता."

"वाचलाय."

"मग बघा. तो नियम मी तुमच्यावर लावू शकतो. घरी बसवू शकतो. नवऱ्याला विचारा, परवडेल का."

नवऱ्याला तिनं आदल्याच संध्याकाळी विचारलं होतं, असंच काहीतरी निघणार हे धरून. त्यानं पोळीचा घास मोडला. मग म्हणाला, "मोठ्यांच्या तोंडी लागू नये असं मी म्हणणार होतो. पण ती कोपरा सोडून खाली बसली, तेव्हा तू बघितलंस. मी नाही." आणि त्यानं तिच्या ताटात भाजी वाढली.

"पेन द्या," मावशी म्हणाली.

मॅनेजरनं हसून पेन दिलं.

तिनं त्या ओळीवर आडवी रेघ मारली. एकदा, मग नीट दिसावी म्हणून आणखी एकदा. खाली, पहिलीतल्या पोरांसारख्या मोठ्या, काना-मात्रा जपलेल्या अक्षरांत लिहिलं: 'भिंतीवरचा फोन बंद होता. अजून बंद आहे. मी माझ्या मोबाइलवरून फोन केला.' लिहायला वेळ लागला. मॅनेजर "अहो, अहो, काय करताय" म्हणत अर्धा उठला होता, पण तिनं डावा हात कागदावर पसरून दाबून धरला होता. वाफेनं सोललेला तो हात हलवायची त्याला छाती झाली नाही. तिनं सही केली, सहीखाली खरी तारीख टाकली आणि पेनाला टोपण लावलं.

"मावशी, याचा परिणाम कळतोय का तुम्हाला?" तो म्हणाला. "मावशी, मी काय विचारतोय?"

ती उठली, खुर्ची टेबलाखाली सरकवली, दार उघडलं, आणि खाली आणीबाणीत, आपल्या चादरींकडे निघाली.